शार्क कोणी बोलावले?

“अपेनिसाआजोबांना शनिवारच्या बोटीत बसवणार! कायमचे सुवा शहरात!” सिरेली धापा टाकत आला.

वासेमाथाने हातातला घास खाली ठेवला. आठवड्यात दोनदा शार्कने झडप घातली होती. लिटियामावशीच्या पोटरीला तर बावीस टाके! अपेनिसाआजोबांच्या कुळाचा जुना देव म्हणजे शार्क. म्हणून गावाने ठरवलं, म्हाताऱ्यानेच बोलावले!

“आजोबा पाण्याकडे बघून गात होते, एवढंच मी सांगितलं,” ती पुटपुटली.

“आणि ‘शार्कला हाका मारत होते’ हे कोण म्हणालं? माझी कोंबडी?” धाकट्या विलिसीने विचारलं.

वासेमाथाचे कान तापले. म्हणाली तीच होती. चर्चच्या पायरीवर, सगळ्यांनी ऐकावं म्हणून!

“चला, शोधून काढू,” ती उठली. “शार्क आले कधी? मंगळवारी आणि शुक्रवारी.”

“दोन्ही दिवशी डुक्कर कापलं होतं!” सिरेलीला जेवण बरोबर आठवायचं.

खरंच! गावचे थोरले सरदार वारले, म्हणून शंभर रात्री प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या पाण्यात मासेमारी बंद. मासे नाहीत, म्हणून डुकरं. आणि त्यांची आतडी? वासेमाथाचे बाबा गावप्रमुख. ते म्हणाले होते, “खड्डा कोण खणत बसणार? ओढ्यात ओता. समुद्र नेईल वाहून.”

टोपली या तिघांनीच ओढ्यावर नेली होती!

“समुद्र खरंच वाहून नेतो का, बघूया,” वासेमाथा म्हणाली.

ओहोटी लागताच त्यांनी ओढ्यातल्या त्याच जागेवरून रिकाम्या करवंट्या सोडल्या आणि किनाऱ्याकडे धूम ठोकली. करवंट्या समुद्रात गेल्याच नाहीत! प्रवाळाच्या भिंतीशी वळून थेट पोहण्याच्या जागी आल्या. एकीला खालून धक्का बसला. पाण्यावर शार्कचा करडा पर दिसला!

“पळा! बाबांना सांगू!”

पण बाबा बैठकीत होते. “मोठ्यांमध्ये पोरांनी बोलायचं नसतं. चला, निघा!”

“मामा, तुमची होडी सुटली!” सिरेली ओरडला.

बाबा धावत किनाऱ्यावर आले. होडी जागच्या जागी! शेजारी करवंट्या गोल फिरत होत्या, आणि त्यांच्याभोवती दोन पर.

“ओढ्यातून आल्यात, बाबा,” वासेमाथा म्हणाली. “आतडीही अशीच आली. ओतायला तुम्ही सांगितलंत. टोपली आम्ही धरली. आणि नाव आजोबांचं घेतलं. मी.”

बाबांनी हाक मारून बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनाही किनाऱ्यावर बोलावलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी यांगोना या मानाच्या झुडपाची मुळी दोन्ही हातांवर घेतली. माफी मागायची ती अशीच. मागे वडीलधारे, त्यांच्यामागे तिघं. आजोबांच्या दारातून सगळे गुडघ्यांवर आत गेले.

आजोबांनी मुळी घेतली आणि टाळी वाजवली. माफी मिळाली!

“पण आजोबा, तुम्ही गात काय होता?” विलिसीने विचारलंच.

“स्तोत्र, बाळा. आवाज माझा हा असा फाटका! देव ऐकून घेतो, लोकांना कशाला त्रास?”

कोणीच हसलं नाही.

“खरं सांगायला धीर लागतो हं. गुणाची पोर!” आजोबा म्हणाले. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. बाबांचा हात तिच्या पाठीवर आला. वासेमाथाला मात्र वर बघवेना. दाराशी आजोबांचं गाठोडं बांधून तयार होतं. कोणाशी एक शब्दही न भांडता त्यांनी ते बांधलं होतं.

ती सरकत तिथे गेली आणि गाठ सोडवू लागली. फार घट्ट होती.