ओदील केबिनमध्ये का कोसळली

साक्षीदार बोलत होता आणि त्याचं फ्रेंच भाषांतर मध्येच थांबलं. न्यायाधीशांनी मान वर केली. काचेच्या केबिनमध्ये दुभाषी ओदील मार्शाल मायक्रोफोनवर डोकं टेकून निपचित पडली होती.

दुसऱ्या दिवशी हेगच्या त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एकच कुजबुज होती: बाई गोळ्या घेते. दुपारी चौकशी समिती बसणार होती. ओदीलची नोकरी गेली, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

त्रीन सारेपू या एस्टोनियन विद्यार्थिनीला ते पटेना. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागात ती शिष्यवृत्तीवर शिकायला आली होती.

"तुझी शिष्यवृत्ती खुर्च्या तपासायची आहे, चोर पकडायची नाही," डॉक्टर हूकेमाबाई म्हणाल्या.

"खुर्चीच तपासते, डॉक्टर. त्या जिथे कोसळल्या ती."

"नाक खुपसल्याशिवाय राहणार नाहीस तू. जा, पण समिती बसायच्या आत ये."

ओदील विश्रांतीच्या खोलीत एकटीच बसली होती. चेहरा पार उतरलेला.

"गोळ्या घेता?"

"झोपेची, रात्री अर्धी. कित्येक वर्षं. केबिनमधला जोडीदार एमेरिक सोडून कुणाला ठाऊकही नव्हतं. कधी चक्कर नाही आली. हल्लीच डोकं ठणकतं, आणि केबिनबाहेर पडले की उतरतं."

"जोडीदाराच्या पाळीत बाहेर नाही पडत?"

"कशी पडणार? एक बोलत असला की दुसऱ्याने शेजारी बसून आकडे, नावं लिहून द्यायची. तीच तर आमची रीत."

"एमेरिक पण बसतात?"

"बसायचा. हल्ली माझी पाळी आली की कॉफीला सटकतो. आम्हा दोघांत कायमची जागा एकच आहे ना, म्हटलं रुसला असेल."

केबिनमध्ये एमेरिक व्होत्ये शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून बसला होता. मफलर खुंटीला.

"थंडी नाही वाजत?" त्रीनने विचारलं.

"पूर्वी वाजायची. वरून गार हवेचा झोत थेट मानेवर. घसा बसला तर दुभाष्याने खायचं काय?"

त्याच्या डोक्यावर हवेची जाळी होती, स्वच्छ आणि उघडी. त्रीनने जाड दार लावून घेतलं आणि खुर्ची मोजायला टेप लावला. तिने मुद्दामच वेळ काढला. थोड्या वेळाने तिचीच कानशिलं ठणकू लागली. बाहेर माणसं ये-जा करत होती, पण आतून हाक मारली तरी कुणाला ऐकू गेली नसती. ती मनातून घाबरली.

"आटप ना," एमेरिक उठला. "दार उघड."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "का? ओदील तर दिवसभर बसतात इथे."

"उघड म्हणतो ना!"

त्रीनने पुढे होऊन खुर्चीवर चढून कागदी रुमालाची चिंधी जाळीपाशी धरली. ती जरासुद्धा हलली नाही.

"जाळीच्या आत काहीतरी कोंबलंय. झोत तुमच्या मानेवर यायचा, म्हणून मफलर होता. झोत थांबला, मफलर खुंटीवर गेला. घशासाठी केलंत, इथवर समजू शकते. पण हवा कोंडतेय हे कळल्यावर तुम्ही बाहेर पडू लागलात. आत राहिल्या त्या एकट्या ओदील. आणि गोळ्यांची आवई तुम्हीच उठवलीत. शेजारी बसणाऱ्याखेरीज ते कुणाला ठाऊक असणार?"

एमेरिकने जाळीकडे पाहिलं. "पहिल्यांदा खरंच कळलं नव्हतं गं."

"आणि नंतर?"

"नंतर... ऐकलं, जागा तिलाच मिळतेय."

तिने दार उघडून हूकेमाबाईंना बोलावलं. त्यांनी जाळी काढायला लावली, तेव्हा आतून काळा स्पंज निघाला. समिती बसलीच नाही. एमेरिकचं काय करायचं ते उद्या ठरणार होतं, कारण बदली दुभाषीही उद्याच येणार होता. कालचा साक्षीदार मात्र खाली न्यायदालनात ताटकळत होता.

ओदील केबिनच्या दारात आली. एमेरिकची नजर वर होईना.

"उद्या दुसरा येईपर्यंत थांबू या," हूकेमाबाई म्हणाल्या. "याच्याशेजारी बसायची सक्ती नाही तुझ्यावर."

"तो साक्षीदार स्वतःच्या मेलेल्या मुलांविषयी सांगायला आलाय, डॉक्टर. एकदा मध्येच थांबवलंय त्याला." ओदीलने आत बसून हेडफोन चढवला आणि दारापाशी उभ्या एमेरिककडे पाहिलं. "आत ये. दार लाव."