भुशाने फुगलेला वारा

"विमान साडेचारला येणार. आपल्या हाती जेमतेम अर्धा तास आहे," असं म्हणत कस्तुरा बाभळीवरून सरसर खाली उतरली. खाली तिचा धाकटा भाऊ किसन आणि मित्र अजीज वाट बघत होते.

कस्तुरा आणि किसन पिंपरीहून उन्हाळ्याच्या सुट्टीत चाकणजवळ मावशीकडे आले होते. मावशीच्या शेताला लागूनच एका कंपनीची खासगी धावपट्टी होती. महिन्यापूर्वी कंपनीचं छोटं विमान तिथे उतरताना थांबलंच नाही. पट्टी ओलांडून चरात गेलं आणि नाकावर उभं राहिलं. वैमानिक कॅप्टन विलास यांच्या कपाळाला टाके पडले, वर दोषही त्यांच्याच माथी आला. दुरुस्त झालेलं तेच विमान घेऊन ते आज परत येत होते.

धावपट्टीशेजारच्या खांबावर वाऱ्याने फुगणाऱ्या कापडी नळीकडे बघून वैमानिक वाऱ्याची दिशा ओळखतो आणि वाऱ्याला सामोरा उतरतो. वारा पाठीशी असला, तर विमान लवकर थांबत नाही. गावातल्या गॅरेजवाल्याच्या घरातल्या अजीजला हे विमानं बघून बघून ठाऊक झालं होतं. पण आज मावशीच्या चुलीचा धूर पूर्वेला वाहत होता, आणि नळी मात्र पश्चिमेला ताठ! झाडावरून कस्तुराला दिसलं, की ती तारेने बांधलेली होती आणि तिच्या तोंडातून काड्या डोकावत होत्या.

तिघं फाटकाकडे धावले. कस्तुराने नळी उलटी असल्याचं सांगताच धावपट्टीची देखरेख करणाऱ्या मारुतरावांनी शांतपणे सगळं कबूल केलं. नळी लोंबकळताना कंपनीच्या व्यवस्थापक साहेबांना बरी दिसत नव्हती, म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी तिच्यात भुसा भरून ती आवळून टाकली होती.

"आता इमान कसं उतरवायचं ते तू शिकवणार व्हय?" असं म्हणून त्यांनी फाटक लावून घेतलं.

कस्तुरा म्हणाली, "वारा वरून दिसायला नळीच कशाला हवी?"

अजीजने गॅरेजमधून टायरच्या जुन्या ट्यूब आणल्या, किसनने गोवऱ्या. नांगरलेल्या मोकळ्या रानात त्यांनी जाळ केला. काळा धूर उठला आणि पूर्वेकडे लांबच लांब पसरला. तेवढ्यात घरघर ऐकू आली. विमान पश्चिमेकडून खाली, आणखी खाली येऊ लागलं. कस्तुराने ओढणी मुठीत घट्ट धरली. चाकं टेकणार, एवढ्यात इंजिन गरजलं, विमान वर चढलं, मोठा वळसा घेऊन पूर्वेकडून आलं आणि निम्म्या पट्टीवरच अलगद थांबलं.

कॅप्टननी नळी खाली उतरवायला लावली. तिच्यातून भुसा भसाभसा सांडला. मारुतराव मान खाली घालून उभे राहिले.

"महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होतो," कॅप्टन हळूच म्हणाले. मग कुंपणापाशी येऊन त्यांनी धुराची हकिकत ऐकली, तिघांशी हात मिळवले आणि विमान बघायला आलेल्या व्यवस्थापकांना हाक मारली. "साहेब, अपघाताचा अहवाल नव्याने लिहा. खरं कारण काय ते या मुलीला विचारा."

कस्तुरा सांगत गेली, आणि साहेब कुंपणाशी उभ्या उभ्या लिहीत गेले.