मिठाचा शेक

हिरामण निडीहून कोलाडला गेला तो पानं वाढायला. सुजयचं वर्षश्राद्ध होतं. दोघं एकाच पलटणीतले; सुजय लढणारा, हिरामण जखमींना दवापाणी करणारा. बर्फातल्या चौकीवर सुजयनं प्राण सोडला तो त्याच्याच मांडीवर.

जेवणं उरकली, माणसं पांगली. दिवस कलला तशी सुजयची आई, पुतळीकाकी, त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथं एक रिकामी चटई अंथरलेली होती.

"ऐक," ती म्हणाली.

आधी काहीच नाही. मग ओल्या पट्टीचा, रक्ताचा वास आला. आणि चटईवरून कण्हणं... तो आवाज हिरामण जन्मात विसरला नसता.

"रोज तिन्हीसांजेला असाच इवळतो रं... तू दुखणं थांबायची सुई दिलीस ना त्याला?"

"दिली, काकी. मांडीत दोनदा दिली."

"मग का दुखतंय माझ्या लेकराला?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "थंडी फार होती. अंग गार पडलं की रक्त धड फिरत नाय. दवा टोचली तिथंच बसून राहते. मी पोटाशी धरला त्याला, पण ऊब येईना..."

"अरे, मग आधी नाय सांगायचं मेल्या!"

ती तरातरा चुलीकडे गेली. तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली, आणि त्या रिकाम्या चटईवर, मांडी असेल तिथं, शेकू लागली. सुजय लहान असताना पोट दुखलं की शेकायची तश्शी.

कण्हणं उतरलं. श्वास लांबला... आणखी लांबला... हिरामणला ठाऊक होतं, ऊब आली की अडकलेली दवा एकदम सुटते. तीही दोन सुयांची, श्वासच थांबवणारी. 'काकी, थांब,' अगदी ओठांवर आलं त्याच्या. पण ती बाई वर्षभरात पहिल्यांदा हसत होती. त्यानं पुरचुंडीवरचा तिचा हात अडवला नाही. एक श्वास गेला, तो परत आला नाही.

"झोपला," पुतळीकाकी म्हणाली. मग तोंडात पदर कोंबून रडली. "आता यायचा नाय ना रं?"

"नाय, काकी." त्यालाही हुंदका आवरेना.

तेवढ्यात परसदाराशी कुणीतरी कण्हलं. त्याच्यामागं आणखी एक. बोली इकडची नव्हे. पण हिरामणनं ते आवाज ओळखले; त्याच चौकीवर, त्याच्याच हातावर गेलेली पोरं. त्या पोरांची गावं पार देशाच्या दुसऱ्या टोकाला.

पुतळीकाकीनं डोळे पुसले. चुलीत लाकूड सारलं, तव्यावर आणखी मीठ टाकलं.

"दार उघड," ती म्हणाली. "त्यांच्या आया इतक्या लांब कशा पोचायच्या?"