हायड्रो सांडू नका!

"कानिफ, दार लागलं!" बानू किंचाळली. बाहेर कुलूप खटकन बसलं आणि स्टोअरकीपरसाहेबांची सायकल श्रीगोंद्याच्या बाजाराकडे निघूनही गेली. आत कोणी आहे का, हे बघायची तसदी कोण घेणार!

साखर कारखान्याच्या या गोदामातून जळक्या काड्यापेटीसारखा वास येतोय, हे दिवाळीच्या सुटीत हुंदडताना दोघांनीच हेरलं होतं. मोठ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जा, खेळा!" मग ती दोघं स्वतःच आत शिरली होती.

छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली दोन फुटकी पिंपं होती. 'सोडियम सल्फाइट'वालं गप्प होतं, पण 'सोडियम हायड्रोसल्फाइट'मधून पांढरा धूर निघत होता. त्याच नावाचं मागचं कोरडं पिंप मात्र थंड.

"म्हणजे हायड्रोवाल्याला पाणीच बाधलंय!" बानू म्हणाली.

घसा जळायला लागला. पोत्यांच्या थप्पीवर चढून दोघांनी झरोक्यातून हाका मारल्या. पहारेकरी सहादेवमामा बादली घेऊनच धावत आले. "किल्ली स्टोअरकीपरसायबांकडं हाय. सरका पोरांनो, झरोक्यातनं पानी टाकतो!"

"पाणी नको, मामा! पाण्यानंच पेटलंय!"

"येडी का काय? आगीवर पानी न्हाई, तर काय तूप वतू?"

"केमिस्टसाहेबांना विचारा! सोडियम हायड्रोसल्फाइट पेटलंय म्हणावं!"

"सोड्याचं काय?"

"मामा, पाढ्यासारखं म्हणा! सो-डि-यम!"

"सोडियम!"

"हाय-ड्रो!"

"हायड्रो!"

"सल्-फाइट!"

"सल्फाट!"

"फाइट, मामा! पिक्चरमधली फाइट!" कानिफ खोकत ओरडला.

"आणि मधलं हायड्रो वाटेत सांडू नका!" बानूनं बजावलं.

मामा घोकत पळाले. आवाज लांब गेला, मग ऐकूच येईना. धूर थप्पीपर्यंत चढला. कानिफचे डोळे मिटत होते. बानूनं त्याला झरोक्याशी दाबून धरलं. आता आपली धडगत नाही, असंच तिला वाटलं.

धाड! कुलूप तुटलं. केमिस्टसाहेबांनी दोघांना बाहेर काढलं आणि गड्यांकडून पिंप ओढून मोकळ्यावर नेलं.

"नुसतं सल्फाइट सांगितलं असतं," साहेब धापा टाकत म्हणाले, "तर मीच पाणी मारायला लावलं असतं. शाब्बास, पोरांनो! गोदाम तुम्ही वाचवलंत."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. "पोरी, मी बादली वतनारच हुतो गं..."

बानू त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"पण ओतली नाहीत ना, मामा! माझं ऐकलंत."