निळा टाका

मशीन पाणी तापवत नाही, एवढीच तक्रार होती. बाकी ते भरायचं, फिरायचं, पाणी बाहेर फेकायचं. गरम धुण्याचा दिवाही इमानाने लागायचा. पण दार उघडलं की कपडे गारढोण.

आई गेल्यावर घरातलं एकेक यंत्र रुसणार, हे थोरलीने धरूनच ठेवलं होतं. आधी भिंतीवरचं घड्याळ थांबलं, मग मिक्सर जळला. आता हे. तिने मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिक तोंडाने सैल होता. झाकण उघडून त्याने हीटरची कॉइल मीटरने तपासली, तिच्यावरचा पांढरा थर खरवडला, सेन्सर नवा घातला. मग मशीन रिकामंच चालवलं. दाराची काच बघता बघता तापली.

"झालं. पेशंट बरा."

थोरलीने आपले कपडे आत घातले. काच गारच राहिली. ते काढून त्याने स्वतःचं तेलकट फडकं टाकलं. काच तापली. पुन्हा तिचे कपडे घातले. गार.

"ताई, तुमचं आणि ह्याचं काही बिनसलंय का?" तो हसला. मग मीटर पुन्हा लावून बघितला आणि हसायचा थांबला. "करंट बरोबर जातोय. कॉइलही तापतेय. पाणी का तापत नाही, ते मला सांगता येणार नाही."

जाताना त्याने दारापर्यंत मशीनकडे पाठ केली नाही.

सुट्टीच्या दिवशी आईचं कपाट आवरायला धाकटी आली. दुपारी तिने आपले कपडे मशीनला लावले, आणि थोरली बघायला गेली तेव्हा धाकटी ते वाफाळणारे कपडे फुंकर मारत बाहेर काढत होती.

"बिघडलंय म्हणालीस ना? हात भाजतायत माझे."

"तुझं नशीबच गरम."

"घ्या. आता यातही माझीच चूक."

धाकटी हसली. थोरलीने तिच्या हातातला स्वेटर घेतला आणि उलटा केला. आत, मानेपाशी, लाल टाका होता.

दोघींची अंगकाठी सारखी. कपड्यांवरून रोज जुंपायची, म्हणून आईने खुणा घालायला सुरुवात केली होती: धाकटीला लाल टाका, थोरलीला निळा. मुली मोठ्या झाल्या तरी तिची सवय सुटली नाही. नवा कपडा घरात आला की आई आधी सुई शोधायची. धाकटीची छाती लहानपणापासून नाजूक, म्हणून लाल टाक्याचे कपडे गरम पाण्यात, निळे गार पाण्यात. "थोरलीला काय धाड भरलीय, दणकट आहे ती," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

आईचं अंथरूण, औषधं, पाठ चोळणं, सगळं त्या दणकट मुलीने केलं. शेवटच्या सकाळी आईने तिचाच हात घट्ट धरून विचारलं होतं, "धाकटी आली का गं?"

धाकटी परत गेल्यावर थोरलीने आपला एक गाऊन घेतला आणि निळा टाका उसवला. मशीनला लावला. पाणी गार. मग तिने आईचा शिवणाचा डबा उघडून लाल दोरा काढला. शिवणात तिला कधीच गती नव्हती. टाका वाकडातिकडा पडला, गाठ जाडजूड बसली.

काच तापली.

तिने गाऊन बाहेर काढून तोंडाशी धरला. ती ऊब धुण्याची नव्हती. कुणीतरी बराच वेळ कुशीत धरून मग सोडावं, तशी होती. थोरली तिथेच फरशीवर बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.

संध्याकाळपर्यंत तिने आपलं आख्खं कपाट उसवलं. एकूण एक निळा टाका काढला, त्या जागी लाल घातला.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू असताना धाकटीचा फोन आला. आवाज बसला होता.

"ताई, माझ्या स्वेटरला निळा टाका तू घातलास?"

"नाही."

"सगळ्याच कपड्यांना आहे. तुझ्या हातचा नाहीच म्हणा. तीच ती बारीक गाठ, आईची." धाकटीला खोकल्याची उबळ आली. "आंघोळीचं पाणी बादलीत कढत असतं गं. अंगावर घेतलं की गार. छाती पुन्हा भरलीय. पांघरुणं घेऊनही हुडहुडी जात नाही."

शिवणाचा डबा समोरच उघडा होता. एक टाका तर उसवायचा, मग दुसरा. थोरलीने कात्री उचलली आणि कालचा गाऊन उलटा केला.

तिचा वाकडा टाका तिथे नव्हता. त्या जागी तीन नेटके लाल टाके होते आणि शेवटी बारीक गाठ.

"ताई? मी काय करू?"

थोरलीने कात्री डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"जाड कपडे घाल," ती म्हणाली.

"घातलेत. ताई, तू येशील का?"

मशीनमध्ये पाणी हळूहळू चढत होतं. थोरलीने काचेवर तळहात टेकवला. फोनमधला खोकला लांब लांब गेला, तरी तिने हात काढला नाही. काच आतून, तिच्या बोटांच्या मापाने, अजून थोडी तापली.