तीन सेकंदाचा देवा

बसा भाऊ, बसा. ती इंग्रजी बँडवाली कॅसेट मी कोणाले भाड्यानं देत नाही. रागावू नका. काहून देत नाही ते सांगतो, चहा आतून येऊन राहिला तंवर ऐका. किस्सा प्रेमाचा आहे, पण खरं सांगू का… त्यात प्रेमापेक्षा भेवच जास्त आहे.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी रुपराव, मूळचा कुहीचा. चौथी पास, तेही मास्तरच्या मेहरबानीनं. नागपुरात सदरमधी भैय्याजी म्हणून एक होते, त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत कामाले होतो. काम काय, तं सायकलरिक्षावर टीव्ही आन व्हीसीआर मांडायचा, लोकाईच्या घरी न्यायचा, लावून द्यायचा आन पिच्चर सरतवर मशीनीजवळ बसून राहायचं. इंग्रजी मले वाचता येत नव्हतं. म्हणून मी कॅसेटीले टिकल्या लावल्या होत्या — बायका कपाळाले लावते त्या. लाल टिकली म्हणजे मारधाड. हिरवी म्हणजे घरगुती. पिवळी म्हणजे देवादिकाचा. आन काळी म्हणजे इंग्रजी, जो कोणीच नेत नव्हतं.

पण मे महिन्याचं नागपूरचं ऊन! टिकलीचा गोंद पघळला आन हिरवी टिकली सरकून भलत्याच कॅसेटीवर जाऊन बसली.

इंदोरा वस्तीत एका घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. दुपारचं जेवण झालं, बायकापोरं सतरंजीवर बसले, मी कॅसेट लावली. आता सासू-सुनेचा पिच्चर येईन म्हणून सगळे डोळे पुसायच्या तयारीत, आन टीव्हीवर आले चार गोरे! केस कमरेपर्यंत. एक तं उघड्या छातीनं गिटार असा बडवून राहिला जसं त्या गिटारनं त्याच्या घरी चोरी केली.

"बाप्पा! या लोकाईच्या गावात न्हावी नाही काय?" एक बाई म्हणाली. सारे हासले.

समोर एक पोट्टी बसली होती. निळी साडी, बोटाले शाईचे डाग. ती मले म्हणते, "भाऊ, हा घरगुती होय? याच्यात सून कोणती?"

मले घाम फुटला. मी बटन दाबाले गेलो, तेवढ्यात मागून आवाज आला —

"थांब!"

एक म्हातारी उभी झाली होती. पांढरं लुगडं, बोट टीव्हीकडे. "मागं घे. मागं घे रे बाबू… तिथं माहा देवा होता."

मी मागं घेतलं. गोरे नाचून राहिले, आन स्टेजच्या कोपऱ्यात एक काळासावळा पोरगा कोपरावर वायर गुंडाळत आला. डाव्या हातानं मानेचा घाम पुसला आन पडद्यामागं गेला. बस. तीन सेकंद.

"असाच पुसे तो," म्हातारी म्हणाली. "डाव्याच हातानं."

ती म्हातारी म्हणजे प्रयागबाई, आन निळ्या साडीवाली तिची पोरगी प्रेमिला. देवा म्हणजे मोठा पोरगा, देवराव. छप्पन सालच्या बौद्ध धम्मदीक्षेच्या आदल्या साली जन्मला म्हणून नाव देवराव राहिलं, नाहीतर दुसरं काही ठेवलं असतं. सत्याहत्तर साली मुंबईहून जहाजावर गेला. लंडनमधी उतरला. एकोणऐंशीत शेवटचं पत्र आलं — 'आई, मी इथं मोठ्या हॉलात लाइट-वायरीचं काम करून राहिलो, रोज गाणेबजावणेवाले येते.' मंग पत्र बंद. यांनी पाठवलेली पत्रं वापस आली.

मी कॅसेट काढाले लागलो तं प्रेमिला हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत चालू द्या न."

लोक उठून गेले. ती टीव्हीजवळ सरकून बसली. शेवटी इंग्रजी नावं खालून वर सरकत जाते न, ती पाहत राहिली. होठ हालून राहिले होते. मी काही टीव्ही पाहत नव्हतो भाऊ. मी ते होठ पाहत होतो…

पुढच्या रविवारी मायलेकी दुकानात हजर. दुपारी गिऱ्हाईक नसे, भैय्याजी घरी झोपाले जाये. मी मागच्या खोलीत टीव्ही लावला. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, बाहेर आग, आन आत आमी तिघं. तीन सेकंद आले की म्हातारी म्हणे, "धरून ठेव त्याले." मी पॉज दाबो. चित्र कापे, वरून पांढऱ्या रेघा जाये, पण पोरगा तिथंच उभा. म्हातारी त्याच्याशी बोले. जेवला का, थंडी वाजते का, अंगात स्वेटर काहून नाही. आन आमी दोघं मागं बाकावर.

"ह्या टिकल्या कोणी लावल्या?" प्रेमिलानं एकदा विचारलं.

"मी. वाचता येत नाही न मले इंग्रजी."

"म्हणजे तुमी टिकली पाहून ओळखता, कोण कशी आहे ते?"

"कॅसेट."

"मी कॅसेटीचंच विचारून राहिली." तिनं तोंड फिरवलं, पण गाल हासून राहिला होता. "मंग माही कोणती?"

तिच्या कपाळावर लहानशी काळी टिकली होती. मी म्हटलं, "काळी… म्हणजे मले वाचता न येणारी."

 दुसऱ्या रविवारी तिनं मले टिकल्यांचं एक नवीन पाकीट आणून दिलं. "ह्या पघळत नाही," म्हणे.

ती सदरमधीच एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करे. शाईचे डाग टाइपरायटरच्या रिबिनीचे होते. मले रविवार सोडून बाकीचे सहा दिवस काही सुचत नव्हतं. भेव वाटे, या रविवारी नाही आल्या तं? म्हातारीचं मन भरलं तं?

आन इथंच मी चुकलो भाऊ. पॉज म्हणजे काय, हे तुमाले माहीत नसन. चित्र थांबते, पण आत पट्टी वाचणारं हेड फिरतच राहते. पट्टीच्या त्याच जागी घासत राहते. म्हणून मशीन पाच मिनिटानं आपोआप पॉज सोडून देते. मी पुन्हा दाबो. पुन्हा सुटे, पुन्हा दाबो. भैय्याजीनं एकदा पाह्यलं तं ओरडले, "रुपराव, टेप घिस जाएगी रे!" मले काय ते माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण जेवढा वेळ पोरगा पडद्यावर उभा, तेवढा वेळ ती बाकावर. सुटला की त्या दोघी उठत.

श्रावणातला एक रविवार. त्या गेल्या, मी कॅसेट मागं घेतली, आन आतून आवाज आला… कर्रर्र. काढून पाहतो तं पट्टी त्याच जागी चुरगळली होती. सरळ केली, पुन्हा लावली. गोरे दिसते, स्टेज दिसते… आन कोपरा आला की नुसता बर्फ. पांढरा, खरखर करणारा. तीन सेकंद. मंग पुन्हा गोरे.

मी तिथंच खाली बसलो.   एका मायचा पोरगा मी घासून टाकला होता, आन कशासाठी, तं तिच्या पोरीजवळ बसायले भेटावं म्हणून!

सोमवारी कात्रीनं ती जागा कापली. तीन सेकंद म्हणजे किती, माहीत आहे? अर्धी वीत पट्टी. तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला. बाकीचं चिकटपट्टीनं जोडलं, आन जोड कुठी अटकत तं नाही म्हणून शेवटपर्यंत चालवून पाह्यलं. काउंटरवर कॉलेजचं एक पोट्टं उभं होतं. शेवटी ते नावं संपले, खाली काही अक्षरं आली, जुन्या घड्याळात आकडे असते न, तशी. पोट्टं म्हणते, "काका, लयच जुनी आहे ही. त्र्याहत्तर सालची."

"कोणतं साल?"

"त्र्याहत्तर. लिहिलं आहे न."

देवराव सत्याहत्तरमधी गेला. त्र्याहत्तर साली तो इथं इंदोऱ्यात क्रिकेट खेळत असन. म्हणजे तो पोरगा… तो दुसऱ्याच कोणाचा पोरगा होता.

आता पाहा भाऊ, मी कुठी अटकलो ते. 'तो तुमचा देवा नव्हताच' असं सांगितलं तं मी सुटलो. घासला तं घासला, कोणाचं काय गेलं? पण मंग त्या मायजवळ काय उरलं? आन नाही सांगितलं, तं मी तिच्या पोराले मिटवणारा. प्रेमिला माहं तोंड नाही पाहणार.  पूर्ण आठवडा रिक्षावर टीव्ही बांधताना दोरीची गाठ चुके. रविवार जवळ येऊन राहिला, आन जो दिवस मले सहा दिवस हवा वाटे, तोच दिवस मले खायले उठला होता.

शनिवारी पाच वाजता तिच्या ऑफिसच्या फाटकापाशी जाऊन उभा झालो. पाऊस नुकताच थांबला होता, रस्त्यावर चिखल. ती छत्री झटकत बाहेर आली आन मले पाहून थबकली.

"तुमी? इथं? आईले काही…"

"नाही, नाही. आईचं काही नाही." मी सांगूनच टाकलं. "ती जागा गेली. देवरावची. घासली."

"घासली म्हणजे?"

"पॉज जास्त ठेवला. मीच ठेवला. मशीन सोडे, मी पुन्हा दाबो."

"काहून?"

मी चपलेकडे पाहत होतो. "तुमी बसून राहाव्या म्हणून."

 एक स्कूटर आमच्यावर चिखल उडवून गेली, तरी ती हालली नाही. मले वाटलं, आता ही जाईन. मंग तिनं विचारलं, आवाज एकदम बारीक —

"जोडल्यावर… शेवटपर्यंत चालवून पाह्यली का?"

 ती माह्याकडे पाहत होती, आन भाऊ, तिच्या डोळ्यात माह्यापेक्षा जास्त भेव होतं.

"पाह्यली," मी म्हटलं.

"मंग साल समजलं."

"तुमाले… माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. नावाईत देवाचं नाव सापडते का म्हणून वाचत होती. नाव नाही सापडलं, साल सापडलं." तिनं छत्रीची मूठ घट्ट धरली. "आई त्या रात्री सहा वर्षांनंतर पोटभर जेवली होती. मी कसं सांगणार? आन तवापासून दर रविवारी मले एकच धाक, की कोणीतरी तुमाले ते वाचून दाखवन, आन तुमी आईपुढं बोलून जाल."

"मी? मी काहून बोलीन?"

"मले काय माहीत, तुमी कसे आहा ते. टिकली थोडीच लावली तुमच्या कपाळाले!"

मी हासलो. रडूही येत होतं. मंग हिंमत करून विचारलं, "माहीत होतं, तं मंग इतके रविवार येत काहून होत्या?"

"आई यायची."

"आन तुमी?"

"मी आईले आणत होती." ती चालू लागली. चार पावलं जाऊन वळली. "मागच्या दोन रविवारी आईचे पाय दुखत होते. ती नको म्हणे. मीच म्हटलं — चाल न वं माय, देवा वाट पाहत असन."

मी त्या चिखलात उभा, आन मले वाटलं कोणी माहाच पॉज दाबला…

पण रविवार तं यायचाच होता. म्हातारी आली, खुर्चीवर बसली, चष्मा पुसला. "लाव बाबू."

माहा हात मशीनीपर्यंत जाईना. मी तिच्या पायाजवळ बसलो. "आई, तेवढी जागा खराब झाली. माह्या हातानं." दुसरं काही नाही बोललो. खिशातून तो तुकडा काढला आन तिच्या तळहातावर ठेवला. "एवढाच आहे."

म्हातारी पाहत राहिली. मंग उठली, खिडकीपाशी गेली, पट्टी उजेडात धरली. भाऊ, फोटोच्या रिळासारखं नसते ते. त्याच्यावर काही म्हणजे काहीच दिसत नसते. नुसती तपकिरी चमकणारी पट्टी.  प्रेमिलानं माह्या बाहीले पकडलं. मले वाटलं, आता ही म्हणन, कुठी आहे माहा पोरगा? 

तिनं पट्टी डोळ्याजवळ नेली.

"आहे," म्हातारी म्हणाली. "बारीक झाला वं, प्रेमिला. पण आहे."

तिले खरंच दिसलं, का तिनं आमाले दोघाले सांभाळून घेतलं, हे विचारायची हिंमत आजवर ना माह्यात झाली ना प्रेमिलात. बाहीवरचा हात मात्र तिनं काढला नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. जात वेगळी म्हणून माह्या बापानं कुहीवरून वर्षभर तोंड नाही दाखवलं, मंग नात झाल्यावर आला, ते जाऊ द्या. भैय्याजीनं लग्नात ती कॅसेट दिली. म्हणे, ले जा, तेरे सिवा कोई देखता नहीं.

हं, कपांचा आवाज आला. चहा प्रेमिला आणन, आन तिच्या मागं आई येईन. तुमी नवीन माणूस, त्यात इंग्रजी जाणणारे, म्हणजे ती नक्की येईन. पदरातून एक डबी काढन, त्यातली पट्टी उजेडात धरन आन तुमाले विचारन, दिसते का माहा देवा?

तुमी आता सारं ऐकलं आहे. मले अजून, दरवेळी, तेवढ्या वेळापुरतं तसंच भेव लागते. एक काम करा भाऊ माहं. पट्टी नीट हातात घ्या, घाई करू नका, चांगलं पाह्यल्यासारखं पाहा… आन हो म्हणा.