उतारावर सुटणारा गिअर

दिवा बारीकच राहू द्या, पोरांनो, आणि मध्येच "मग काय झालं" म्हणून टोकू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली आहे.

मावसभाऊ ट्रॅक्टरचा मिस्त्री. गिअरबॉक्स उघडणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. गेल्या डिसेंबरातला बुधवार होता. एका शेतावर तो तोच जुना ट्रॅक्टर दुरुस्त करायला तिसऱ्यांदा गेला. तक्रारही तीच. ओढ्याच्या उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटतो. मागे भरलेली ट्रॉली, ब्रेक जुने. उतारावर गिअर सुटला की गाडी मोकाट. ट्रॅक्टर चालवायची घरची सून, म्हणून सासरा सगळं खापर तिच्यावर फोडायचा.

"हिला गिअर नीट टाकताच येत नाही," म्हातारा म्हणाला. "उद्यापासून किल्ली माझ्याकडे."

म्हातारा आत गेल्यावर सून हळूच म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, गिअर सुटत नाही हो. कुणीतरी काढतं."

मिस्त्री हसला. "वहिनी, गिअरबॉक्समध्ये दात सोडून कुणी राहत नाही."

झाकण उघडलं. गिअर सरकवणारा फोर्क आणि स्प्रिंग त्याने आधीच्या खेपांना बदलले होते. आता एकेका दातावरून बोट फिरवलं. कुठे झीज नाही, कुठे टवका नाही. सगळं ठाकठीक, आणि तेच त्याला खटकलं. बिघाड सापडला की मिस्त्रीला झोप लागते. नाही सापडला की रात्रभर तळमळ. झाकण आवळेपर्यंत दहा वाजून गेले. सून म्हणाली, "आता सकाळी बघा." पण याच्या जिवाला चैन कुठली! हात न धुता, ट्रॉली न जोडता एकटाच निघाला.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू. तिसरा गिअर अलगद बसला. उतार लागला तशी त्याने गिअरच्या दांड्यावर मूठ आवळली.

"सुट बघू आता!"

दांडा हलला.

त्याने दाबून धरला. पुन्हा हलला... गिअर आतून सुटला तर दांडा हिसका देतो, हे त्याला पक्कं ठाऊक. हा हिसका नव्हता. जोर वरून येत होता. त्याच्या हातावरून.

गार.

हळूहळू.

"कोण आहे?"

...

दांडा न्यूट्रलला गेला. ट्रॅक्टर सुटला. तो दोन्ही ब्रेकवर उभाच राहिला. पार खाली, ओढ्याच्या काठाला चाकं थांबली. इंजिन बंद पडलं. शेजारी मडगार्डचा पत्रा करकरला... कुणी उठून उतरावं तसा.

मग काही नाही.

ट्रॅक्टर तिथेच टाकून तो पळत सुटला. सून कंदील घेऊन दारात उभी होती. त्याचं तोंड बघूनच म्हणाली, "काढला ना?"

त्याने मान डोलावली. मागून सासरा आला.

"आबा," मिस्त्री म्हणाला, "किल्ली वहिनींकडेच राहू द्या. यांची काही चूक नाही. पण तो उतार सोडा, लांबचा रस्ता धरा."

एरवी शब्दाला शब्द वाढवणारा म्हातारा मिस्त्रीच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मिस्त्रीने हात कंदिलाजवळ नेला.

हात काळ्या ग्रीसने माखलेला. त्यात पाच बोटांएवढी जागा स्वच्छ पुसलेली. इवली बोटं, चार-पाच वर्षांच्या लेकराची असावीत तेवढी.

त्या घरात लहान मूल नव्हतं.